पाव मिलिमीटर

धक्क्याच्या फळीवर बसायचं, स्की उलटी करून मांडीवर आडवी घ्यायची, शेपटीकडची फिन, म्हणजे खालचं धातूचं पातं, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि बारीक मापं घेणारा कॅलिपर हळूच तिच्यावर टेकवायचा. आकडा स्थिर होईपर्यंत मी आपोआप श्वास रोखून धरते. 2.480. पुन्हा मोजायचं, 2.483. तिसऱ्यांदा 2.481. हे इंच आहेत, आणि दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमधली माणसं ज्याला थाऊ म्हणतात तो. दहा थाऊ म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. एवढ्याशा फरकानं पाण्यावरचं वळण बदलतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. आता वाटतं. पण तो फरक कधी कळतो आणि कधी कळत नाही, हे उमजायला मला तीन हंगाम लागले.

ज्यांनी वॉटर स्कीइंगमधलं स्लालम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं सांगते. एकाच स्कीवर एकापुढे एक असे दोन्ही पाय अडकवलेले. हातात हँडल, पुढे दोरी, दोरीच्या टोकाला मोटरबोट. बोट सरळ रेषेत जाते, आपण मात्र तिच्यामागून डावी-उजवीकडे नागमोडी जायचं. कोर्स 259 मीटर लांब. मधल्या रेषेपासून 11.5 मीटर अंतरावर सहा बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, तीन उजवीकडे, तीन डावीकडे, आणि प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. सहाही जमले की बोटीचा वेग ताशी तीन किलोमीटरनं वाढवतात. पुरुषांसाठी कमाल 58, स्त्रियांसाठी 55. त्या वेगालाही सगळे बोये झाले की मग दोरी आखूड करत जायची: 18.25 मीटर, 16, 14.25, 13, 12, 11.25. या शेवटच्या आकड्यावर माझी नजर नेहमी अडते. बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर आणि दोरी सव्वाअकराची. उरलेलं अंतर हात ताणून, अंग झोकून भरून काढायचं. अमेरिकेच्या नेट स्मिथनं 2013 साली 9.75 मीटर दोरीवर अडीच बोये केले, तेव्हा त्याचं शरीर पाण्याला किती समांतर असेल याचा विचार करून पाहा.

ताशी 55 ला हा अख्खा कोर्स सतरा सेकंदांत संपतो. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत पावणेतीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. एवढ्या वेळात पाय, कंबर, खांदे, नजर आणि स्की यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचं असतं. म्हणून साहित्याचा प्रश्न इथे इतका नाजूक होतो.

पहिल्या हंगामाच्या शेवटी मी एक स्की घेतली. कार्बनची, अरुंद, ताठ, वजनाला इतकी हलकी की एका बोटावर तोलून धरता यावी. आखूड दोरीवर खेळणाऱ्या माणसांची ती स्की होती. मला तेव्हा 43 च्या वेगाला दोन बोये जमत होते. मनात विचार असा होता की चांगली स्की घेतली की तिच्यामागोमाग आपणही वर जाऊ. आजही नवीन मुलं-मुली हाच विचार घेऊन येतात आणि मला त्यांना थांबवावंसं वाटतं, कारण त्या स्कीनं माझा अख्खा दुसरा हंगाम नेला.

काय होत होतं ते सांगते. बोयाकडे जाताना वेग कमी होतो, तो व्हायलाच हवा, त्याशिवाय वळता येत नाही. पण ही स्की त्या क्षणी पाण्यात बसायची. घोट्यापर्यंत पाणी यायचं. मग वळण पुरं करायला जो जोर लावावा लागायचा त्यात दोरीला ढील पडायची, आणि ढील एकदम ताणली गेली की खांद्याला हिसका. पुढच्या बोयाला आधीच उशीर. मी प्रत्येक वेळी स्वतःला म्हणायचे, अजून ताकद हवी. खरं तर ते साधं गणित होतं. पाण्यावर घसरणाऱ्या फळीला पाणी जे उचलून धरतं ते साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. 55 ला जेवढं उचलणं मिळतं त्याच्या 61 टक्केच 43 ला मिळतं. माझं वजन तर 43 ला कमी होत नाही. मग ही तूट भरून काढायला खालचं क्षेत्रफळच हवं: जास्त रुंद, किंचित लांब स्की. स्कीचं माप वजन आणि वेग या दोन्हींवर ठरतं. मी फक्त वजन पाहिलं होतं. म्हणजे तेही नीट नाही, मी पाहिला होता तो रंग आणि कुणाच्या हातात ती शोभते ते.

या खेळाची सुरुवात ज्यानं केली त्याची गोष्ट मला म्हणूनच फार जवळची वाटते. 1922 सालचा उन्हाळा, अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं लेक पेपिन नावाचं सरोवर, आणि राल्फ सॅम्युएलसन नावाचा 18 वर्षांचा मुलगा. आधी त्यानं पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, त्या बुडाल्या. मग बर्फावरच्या स्की पाहिल्या, त्याही चालल्या नाहीत. शेवटी त्यानं पाइनच्या दोन फळ्या घेतल्या, आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, टोकं उकळत्या पाण्यात धरून वर वळवली आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. तरीही तो पडतच राहिला. 2 जुलैला, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याला उमगलं की मागे रेलून स्कीची टोकं पाण्याबाहेर ठेवूनच सुरुवात करायला हवी. आणि तो उभा राहिला. फळ्या जमल्या तरी उभं राहायची रीत सापडायची होती, आणि रीत सापडली ती फळ्या जमल्या होत्या म्हणून. कुठलं आधी हे वेगळं काढता येत नाही. पुढे माझा जो गोंधळ झाला तो याच ठिकाणी.

तिसऱ्या हंगामात मी एक जुनी, रुंद, थोडी लवचिक स्की घेतली. पहिल्याच सकाळी फरक कळला. बोयाजवळ वेग उतरला तरी ती वरच राहिली, जणू म्हणत होती, घे तुझा वेळ. महिनाभरात मी 46 ला चार बोयांपर्यंत पोचले. आणि तिथे अडकले.

माझा डावा पाय पुढे असतो. त्यामुळे उजवीकडची वळणं, म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा बोया, माझी कच्ची बाजू. तिथे अंग वळणाच्या दिशेला पाठमोरं होतं. पाचव्या बोयाला स्कीचं टोक पाण्यात शिरायचंच नाही. ती सपाट, रुंद कमान काढत जायची आणि मी सहाव्याच्या वाटेवर कुठेतरी दोरी सोडून द्यायची. पंधरा दिवस हेच. तेव्हा कुणीतरी म्हणालं, फिन बघ.

फिन म्हणजे शेपटीखालचं धातूचं पातळ पातं. ती मागेपुढे, खालीवर सरकवता येते. तिची लांबी, खोली, शेपटीपासूनचं अंतर आणि तिच्यावर आडव्या बसवलेल्या छोट्या पंखाचा कोन, हे चार आकडे. फिन खोल असली की शेपूट पाण्याला घट्ट धरून ठेवते, स्थिर वाटतं, पण वळताना शेपूट सहज फिरत नाही. उथळ केली की ती मोकळी होते, जास्त केली तर सटकते. लांबी वाढवली की स्कीचा पुढचा भाग जास्त पकड घेतो. फिन पुढे सरकवली की टोक खाली बसून वळण तीव्र होतं, मागे नेली की सरळ धावताना भरवसा वाढतो. पंखाचा कोन वाढला की बोयाआधी वेग लवकर उतरतो. वाचताना हे सगळं स्वच्छ वाटतं. पाण्यावर चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक हलवली की बाकीच्या तिघींचा अर्थ थोडा बदलतो.

मी आठवडाभरात चारही हलवल्या. सोमवारी फिन पुढे. टोक खाली गेलं, पण आता पक्क्या बाजूला, जिथे काहीच तक्रार नव्हती, तिथे मी दोनदा तोंडावर आपटले. मंगळवारी खोली वाढवली, शेपूट जागची हलेना. मग पंखाचा कोन. मग लांबी. शुक्रवारी मला तीन बोयेसुद्धा होत नव्हते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुरुवातीचे आकडे मी कुठेच लिहून ठेवले नव्हते. ज्या घरातून निघाले त्याचा पत्ताच माझ्याकडे नव्हता. त्या संध्याकाळी मी धक्क्यावर बसून खरोखर रडले.

आमची बोट चालवणारे सर खूप वर्षं खेळलेले आहेत. ते शेजारी येऊन बसले, स्की हातात घेतली, फिनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बूट घाल," म्हणाले.

"सर, इथे? कोरड्यात?"

"इथेच. घाल."

बुटात शिरायच्या आधी पायाला पातळ साबणपाणी लावावं लागतं, नाहीतर रबर कातडीला ओढतं. मी पाय आत सरकवला, नाड्या आवळल्या. सरांनी स्की फळीवर सपाट धरली. "आता गुडघा पुढे ने. अजून. नडगी बुटाच्या जिभेवर टेकेपर्यंत." मी गुडघा पुढे नेला. त्यांनी माझ्या टाचेखाली करंगळी घातली. करंगळी सहज आत गेली.

"टाच उचलली जातेय तुझी. एक सेंटिमीटर तरी. पाण्यावर तू पुढे झुकतेस असं तुला वाटतं, पण झुकतो तो फक्त पाय, बुटातल्या बुटात. स्कीला त्यातलं काही कळतच नाही. मग ती टोक कशाला खाली घालेल?"

मी त्यांच्या करंगळीकडे बघत राहिले. तिच्यावर साबणाचा फेस लागला होता. पंधरा दिवस मी जे शेपटीत शोधत होते ते माझ्या टाचेखाली होतं.

बुटांबद्दल म्हणूनच मला थोडं जास्त बोलायचं आहे. नवीन माणूस स्कीबद्दल दहा प्रश्न विचारतो, फिनबद्दल पाच, बुटाबद्दल एकही नाही. पुढचा बूट हा आपल्या आणि स्कीमधला एकमेव शब्द आहे. तो सैल असेल तर वर सांगितलं तसं होतं. नको तितका आवळला तर पाय दहा मिनिटांत बधिर होतो, आणि बधिर पायाला पाणी कळत नाही. मला अर्ध्या मापानं लहान बूट हवा होता, बस. मागच्या पायासाठी दोन रिवाज आहेत: पूर्ण बूट, किंवा नुसता बोटं अडकवायचा पट्टा. शिकणाऱ्यानं पट्टा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला पाण्यातून वर येताना मागचा पाय बाहेर ठेवून सुकाणूसारखा ओढत नेता येतो, उभं राहिलं की हळूच आत सरकवायचा. दोन बूट असले तर एक गोष्ट काळजीनं पाहायची: पडल्यावर सुटले तर दोन्ही पाय सुटायला हवेत, नाहीतर एकही नको. एक सुटला आणि एक अडकला की अडकलेल्या घोट्यावर आणि गुडघ्यावर सगळी पीळ जाते. हे शब्द मी हलकेपणानं लिहीत नाही, असा एक गुडघा मी जवळून पाहिला आहे.

हँडलची जाडी मुठीला साजेशी हवी, फार जाड असेल तर पकड लवकर थकते. लाइफ जॅकेट अंगाला चिकटून बसणारं हवं, पाण्यात खांद्यावर चढणारं नको. एवढं पाहिलं की झालं.

बूट बदलला. सरांनी त्यांच्या वहीतून माझ्या स्कीचे कारखान्यातून येतात ते मूळ आकडे काढून दिले आणि आम्ही फिन पुन्हा तिथे नेली. हे काम मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट शिकले. फिन जिच्यात बसते त्या ठोकळ्याचे स्क्रू अ‍ॅलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, अर्धा-अर्धा फेराच सैल करायचे, फिन नुसती मोकळी व्हावी, डुगडुगू नये. मग एकच माप हलवायचं. स्क्रू आवळताना फिन पुन्हा एक-दोन थाऊ सरकतेच, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजायचं. लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजायची की जबड्यांनी, यावर आकडा बदलतो, कारण फिनची कड गोलसर असते. म्हणून दुसऱ्याचा आकडा उतरवून घेताना त्यानं कशानं मोजलं ते विचारायचं. आणि मोजायचा कॅलिपर नेहमी तोच. माझ्या पहिल्या दिवशीच्या मोजमापांत सहा-सात थाऊंचा फरक पडत होता. ज्या हाताला सात थाऊ इकडेतिकडे होतात त्यानं पाच थाऊंचा बदल केला काय आणि न केला काय.

हेच नेमकं पाण्यावरही लागू होतं. माझी एक फेरी दुसरीसारखी नसताना, कधी हँडल लवकर सोडलेलं, कधी नजर बोयावरच खिळलेली, फिनचा पाव मिलिमीटर त्या गदारोळात कुठे ऐकू येणार? सरांनी मग बोटीतून काढलेला व्हिडिओ दाखवला. पाचव्या बोयाला मी बाहेरचा हात हँडलवरून फार आधी काढत होते. हात सुटला की बाहेर जाणारी दिशा संपते, स्की बोटीकडे वळू लागते आणि बोयाला रुंदी उरत नाही. हे ना बुटाचं, ना फिनचं. हे माझं. यासाठी सरांनी वेग खाली आणला, 43 वर. मला ते जड गेलं. त्यात तीन आठवडे गेले. पण त्या तीन आठवड्यांत माझी चूक पहिल्यांदा स्थिर झाली. रोज तीच, त्याच जागी, तितकीच.

आणि स्थिर चुकीशी बोलता येतं. पुन्हा 46 ला गेल्यावर सहा बोये झाले, एकदा नाही, सलग चार सकाळी. तरी कच्च्या बाजूला टोक अजून जरासं उशिरा बसतं, हे आता मला व्हिडिओशिवाय पायाखाली कळत होतं. तेव्हा सर म्हणाले, "आता हलव." फिन नव्हे. दोन्ही बूट पाव इंच पुढे. बूट पुढे गेले की वजन पुढे जातं आणि स्कीचा पुढचा भाग जास्त पाण्यात राहतो. पाव इंच म्हणजे 250 थाऊ, फिनच्या मानानं केवढी मोठी उडी, पण शिकणाऱ्याच्या पायाला कळेल अशी. त्यानंतर सहा दिवस दुसरं काहीही हलवायचं नाही, अशी अट.

पहिले दोन दिवस मी पुढे कोलमडेन अशी भीती वाटत राहिली. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या बोयाला टोक खाली बसलं. त्याचा आवाज येतो. एरवी पाणी स्कीखाली सपासप आपटत असतं, ते एकदम थांबतं आणि कापड फाटल्यासारखा एक लांब, मऊ आवाज सुरू होतो. स्की माझ्या खालून फिरली आणि दोरी ताणलेलीच होती. ढील नाही, हिसका नाही. बोट मला ज्या जोरानं ओढत होती तो जोर पायातून सरळ खाली पाण्यात उतरला.

आता मी वही ठेवते. तारीख, वेग, बोये, चार आकडे, बुटांची जागा आणि पाण्याचं तापमान. तापमान का, असं नवीन माणूस विचारतो. 10 अंशांच्या पाण्यापेक्षा 30 अंशांचं पाणी जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी चिकट असतं. हंगामाच्या सुरुवातीला जमलेलं वळण भर उन्हाळ्यात बिनसलं तर लगेच अ‍ॅलन कीकडे हात जाऊ नये म्हणून हा रकाना. कधी कधी काहीच बदललेलं नसतं, पाणी बदललेलं असतं.

ती कार्बनची अरुंद स्की अजून माझ्याकडे आहे. परवा तिचीही फिन मोजली आणि चारही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. सर म्हणतात, 52 ला सहा बोये रोजचे झाले की पंधरा दिवस तिच्यावर उतरून बघू. मी आता 49 ला पाच करते. पाचव्याचं वळण चांगलं आहे, सहाव्याकडे जाताना मात्र बोटीमागच्या पहिल्या लाटेवर मी सरळ उभी राहते आणि कोन गमावते. हे माझंच आहे अशी मला जवळजवळ खात्री आहे, पण सलग तीन दिवस तसंच झालं तर बघेन.

उद्या सकाळी रुंद स्की, 49, फिन आहे तिथेच. तारीख घालून ठेवली आहे, तापमानाचा रकाना मोकळा आहे.